बारा आणे तब्येत

माझ्या सासूबाईंना कुणीही, कधीही विचारलं, "तब्येत कशी आहे?", तर उत्तर ठरलेलं असे: "बरा हाय गो बाय." शेवटच्या दोन वर्षांत त्यांची एक उशी होती तिच्या दोन झाल्या, मग तीन. संध्याकाळी देवळाच्या पारावर जाऊन बसायच्या, ते बंद झालं. भाकऱ्या खाली बसून थापायच्या, त्या ओट्याशी उभ्या राहून थापू लागल्या आणि काही महिन्यांनी सुनेच्या हाती पीठ देऊन स्वस्थ बसल्या. घरात आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. वय झालं, एवढंच आम्ही म्हणत होतो. एक दिवस पाय सुजले म्हणून त्यांना दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तब्येतीचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "आजी, झोपताना उशा किती घेता?" आजी म्हणाल्या, "तीन." "आणि एकच घेतली तर?" "तर श्वास पुरत नाय."

हृदय थकलं की आडवं पडल्यावर फुप्फुसांत पाणी साचू लागतं. म्हणून माणूस नकळत उशी वाढवत जातो. डॉक्टरांना या एका प्रश्नातून जे कळलं, ते एका घरात राहून आम्हाला दोन वर्षांत कळलं नव्हतं. पण सासूबाई आमच्याशी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबात त्या बऱ्याच होत्या. स्वतःची आंघोळ स्वतः करता येते, कुणाला आपलं काढावं लागत नाही, याला त्या बरं म्हणत. आम्ही त्यांचं उत्तर ऐकलं, त्यामागचा हिशेब विचारला नाही.

हे पुस्तक त्या हिशेबाचं आहे. माणूस स्वतःच्या तब्येतीला किंमत कशी लावतो, ती कुणाच्या मापाने मोजतो, कुणासमोर किती सांगतो, आणि त्याने सांगितलेल्या किमतीवर आपण किती विसंबावं, या प्रश्नांचा मागोवा मी नवी मुंबईतल्या रबाळे इथल्या आणि आसपासच्या माणसांशी बोलत बोलत घेतला आहे. वैद्यकशास्त्रात या विषयाला 'आरोग्याशी निगडित जीवनाची गुणवत्ता' असं लांबलचक नाव आहे. आपल्या बोलण्यात त्याला एक प्रश्न पुरतो: कसं काय चाललंय?

पुस्तकाचं नाव मला एका शेजारच्या काकांनी दिलं. पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणीवर त्यांची उमेद गेली. शून्य ते शंभरपैकी तब्येतीला किती गुण द्याल, असं मी विचारल्यावर ते गोंधळले. मग म्हणाले, "बारा आणे धरा." 1957 साली दशमान नाणी आली आणि आणे चलनातून गेले, बोलण्यातून गेले नाहीत. मी विचारलं, "काका, सोळा आणे कधी होती?" "खाणीवर होतो तेव्हा. दिवसभर घण मारायचो, रात्री दगडासारखा झोपायचो." त्यांच्या पूर्ण रुपयाचे दिवस तेच होते, आणि चार आणे ज्या धुळीने नेले ती धूळ त्याच दिवसांत छातीत उतरत होती. दगडाच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसांत रुतते आणि वर्षानुवर्षं तिथे व्रण धरत राहते. तो आजार सिलिकोसिस. कायद्यानुसार तो सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे, आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. धाप एका दिवसात लागत नाही. दरवर्षी थोडी वाढते, आणि माणूसही दरवर्षी आपलं माप थोडं खाली आणतो. म्हणून काका आजही बारा आणेच सांगतात.

रबाळ्यात हा विषय सुचला याला कारण आहे. इथे एका मैलात अनेक प्रकारची शरीरं राहतात. खाडीच्या बाजूला आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणं. त्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर साठच्या दशकापासून औद्योगिक पट्टा उभा राहिला, 1970 साली नवं शहर वसवणारी सिडको आली, 1992 साली महानगरपालिका, 2004 साली ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल. ठाणे–बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला सिडकोच्या वसाहतींमधल्या इमारती, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीचे शेड, त्यांच्या पाठीशी डोंगर, डोंगराच्या कुशीत पत्र्याच्या वस्त्या. विदर्भातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून, उत्तरेतून आलेली माणसं तिथे राहतात. रासायनिक कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेला ऑपरेटर, डेटा सेंटरवर रात्रपाळी करणारा पहारेकरी, दिवसभर संगणकापुढे बसून मान आखडलेली मुलगी, चार घरची धुणीभांडी करून गुडघे गेलेली मावशी: एकच प्रश्न विचारला तर चौघंही म्हणतात, "ठीक आहे." त्या एका 'ठीक'मध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

आपल्या भाषेतले शब्दही इथे लक्ष देण्याजोगे आहेत. 'आरोग्य' म्हणजे रोगाचा अभाव. 'तब्येत' अरबीतून आली, तिच्या मुळाशी स्वभाव आहे, आणि मराठीत तिला अंगकाठीचाही अर्थ चिकटला. म्हणून अंग भरलेल्या माणसाला आपण "तब्येत सुधारली" म्हणतो. 'प्रकृती'तही स्वभाव आहे. आणि 'स्वस्थ' म्हणजे जो स्वतःत स्थिर आहे तो. सुश्रुताने स्वस्थ माणसाचं लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रियं आणि मन यांची प्रसन्नताही मागितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1946 च्या आपल्या घटनेत तशीच व्यापक व्याख्या केली: केवळ रोग नसणं पुरेसं नाही, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य हवं. म्हणजे व्याख्येपुरती बाब जुन्यांना आणि नव्यांना सारखीच स्पष्ट होती. अडचण मोजण्यात होती. रक्तदाब यंत्राने मोजता येतो. प्रसन्नता मोजायची तर त्या माणसालाच विचारावं लागतं.

गेल्या चार-पाच दशकांत असं विचारण्याची रीतसर साधनं तयार झाली. युरोपातल्या संशोधकांचा युरोकॉल गट 1987 साली जमला. त्यांनी पाच गोष्टी निवडल्या: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, आणि चिंता किंवा उदासी. प्रत्येकाची पायरी विचारायची आणि शेवटी शून्य ते शंभरची उभी पट्टी समोर धरून 'आज'च्या तब्येतीवर खूण करायला सांगायची. अमेरिकेत 1992 साली छत्तीस प्रश्नांची यादी प्रसिद्ध झाली, ती मागच्या चार आठवड्यांचं विचारते. जागतिक आरोग्य संघटनेने 1991 पासून जगभरच्या पंधरा केंद्रांत आपली प्रश्नावली घडवली. त्यांत दिल्ली आणि मद्रास ही दोन केंद्रं आपली होती. तिची सव्वीस प्रश्नांची छोटी आवृत्ती मागच्या दोन आठवड्यांचं विचारते. त्या सव्वीसांत सर्वांत जास्त, म्हणजे आठ प्रश्न परिसराचे आहेत: घर, सुरक्षितता, पैसा, हवा आणि आवाज, दवाखान्याची सोय, माहिती, विरंगुळा, येण्याजाण्याची साधनं. रात्री खिडकी उघडली की कारखान्याचा वास आत येतो, हे सांगायला रबाळ्याच्या माणसाला त्या कागदावर जागा मिळते, याचं मला मोल वाटतं.

या कागदांवर माझा राग नाही, पण ते जसेच्या तसे आपल्या दारात चालत नाहीत. अमेरिकी यादीत मध्यम श्रमाच्या कामाची उदाहरणं दिली आहेत: टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग, गोल्फ. आमच्या गल्लीत तो प्रश्न असा विचारावा लागतो: पाण्याने भरलेला हंडा उचलता का? उकिडवं बसता येतं का? पंगतीला मांडी घालता का? सकाळच्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभं राहता येतं का? 'दुखणं' हा एक शब्दही पुरत नाही. आपल्याकडे ठणका आहे, कळ आहे, चमक आहे, सल आहे. पोटऱ्यांत गोळे येतात, हाताला मुंग्या येतात, कंबर धरते, पाय ओढतात. आणि चिंतेचा प्रश्न आला की सगळे एकाच शब्दावर येतात: टेन्शन. "उदास वाटतं का?" या प्रश्नाला नाही म्हणणारी बाई "जीव लागत नाही का कशात?" असं विचारलं की पदराने डोळे पुसते. 'आज' आणि 'दोन आठवडे' यांतही फरक पडतो. आठवड्याला पाळी बदलणारा कामगार रात्रपाळीच्या आठवड्यात वेगळा माणूस असतो.

मग अशा उत्तरावर विसंबावं का? पुष्कळ अंशी विसंबावं, असं पुरावा सांगतो. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या तीन हजारांवर वृद्धांच्या अभ्यासातून 1982 साली एक गोष्ट पुढे आली. स्वतःची तब्येत खराब सांगणाऱ्यांना मृत्यूचा धोका अधिक होता, आणि डॉक्टरी नोंदींतला आजार हिशेबात धरूनही तो अधिकच राहिला. 1997 साली अशा सत्तावीस अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा बहुतेकांत हेच दिसलं. आपल्याकडे याची तपासणी पुणे जिल्ह्यात झाली. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने 2002 पासून वढूच्या परिसरातल्या बावीस गावांत घरोघरच्या जन्म-मृत्यूंची आणि स्थलांतराची सतत नोंद ठेवली आहे. तिथल्या पन्नाशीपुढच्या माणसांना त्यांची तब्येत विचारली गेली आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. सिद्धिविनायक हिरवे, संजय जुवेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली निष्कर्ष मांडला: ज्यांनी तब्येत वाईट सांगितली होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. ज्वारी-बाजरीच्या रानातला, कधी रक्ताची तपासणी न केलेला म्हातारा "आता काही खरं नाही" म्हणतो, तेव्हा तो नुसतं कुरकुरत नसतो. त्याच्या अंगाला काही तरी कळलेलं असतं.

पण याची दुसरी बाजू आहे, आणि तीच मला जास्त अस्वस्थ करते. वाईट सांगणाऱ्याचं खरं मानावं, हे ठीक. "बरं आहे" म्हणणाऱ्याचंही तसंच मानावं का? बंगालच्या भीषण दुष्काळानंतर 1944 साली कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात विधुरांना आणि विधवांना तब्येत विचारली गेली. आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथा आहे, असं 48.5 टक्के विधुरांनी सांगितलं. विधवांत हे प्रमाण 2.5 टक्के होतं. त्यातही 'यथातथा' म्हणणारे विधुर 45.6 टक्के होते आणि विधवा एकही नव्हती. अमर्त्य सेन यांनी ही आकडेवारी पुन्हा पुन्हा समोर ठेवली. 'यथातथा' म्हणायला माणसाने स्वतःकडे जरा तरी पाहिलेलं असावं लागतं, आपली कुरबुर ऐकण्याजोगी आहे असं वाटावं लागतं. त्या बायकांना ते कुणी वाटू दिलं नव्हतं. सेन यांनी 2002 साली आणखी एक विसंगती दाखवली: देशात सर्वांत दीर्घायुषी असलेल्या केरळात लोक सर्वांत जास्त आजार सांगतात, आणि आयुष्य तोकडं असलेल्या बिहारात कमी. जिथे शाळा आहे, दवाखाना आहे, तिथे माणसाला आपलं दुखणं दुखणं म्हणून ओळखू येतं.

महाराष्ट्रात हीच गोष्ट गडचिरोलीने दाखवून दिली. राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 बायकांची तपासणी केली आणि 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. स्त्रीरोगांच्या तक्रारी 55 टक्के बायकांनी सांगितल्या होत्या, तपासणीत एक ना एक आजार 92 टक्क्यांना निघाला. एका बाईमागे सरासरी 3.6 आजार होते. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात कळा येणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं जिला आईने आणि आईला आजीने सांगितलं, ती त्याची तक्रार कुणाकडे आणि कशाला करील?

म्हणून गप्प राहणाऱ्याचं माप ओळखण्यासाठी अभ्यासकांनी एक युक्ती काढली. आधी एका काल्पनिक माणसाची हकिकत सांगायची आणि तिला गुण द्यायला लावायचे, मग स्वतःला. तिचा गुण कळला की स्वतःला दिलेल्या गुणाचा अर्थ लागतो. मी हे धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींपाशी घरगुती पद्धतीने करून पाहिलं. "एक बाई आहे, तिला दोन मजले चढताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागतो. तिची तब्येत कशी म्हणाल?" मावशी लगेच म्हणाल्या, "अगं, खराबच की! दाखवायला पाहिजे तिला." "आणि मावशी, तुमची?" "माझी बरी आहे." "तुम्ही किती मजले चढता?" त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मी तळमजल्याचीच कामं धरते आता."

या उत्तराने मला माझा प्रश्न मिळाला. पुस्तकातल्या प्रत्येक भेटीत मी तब्येत कशी आहे हे विचारल्यावर थोडं थांबून दुसरं विचारलं आहे: "काय काय सोडलंत?" त्यावर माणसं मोकळी होतात. वरच्या मजल्याची कामं सोडली. खाडीवर जाणं सोडलं. मांडी घालून जेवणं सोडलं. लग्नाला जाणं सोडलं, कारण तिथे बाथरूमची सोय नसते. नातवाला उचलणं सोडलं. शरीर जे जे मागे घेत गेलं, ते ते माणसाने मुकाट्याने आपल्या दिवसातून वगळलं, आणि उरलेल्या दिवसाला तो 'बरं' म्हणत राहिला.

इथे मला एका चुकीपासून स्वतःला सावरावं लागलं. प्रत्येक 'बरं आहे'मागे दडपलेलं दुःख शोधायला निघालं की आपण माणसाचा अपमान करू लागतो. 1999 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. बाहेरच्याला ते पटत नाही, आतल्याला ते खरं असतं. मशीनवर हात गमावलेला एक जण मला म्हणाला, "ताई, पहिलं वर्ष गेलं रडण्यात. आता दुकान टाकलंय, मुलगी कॉलेजला आहे. माझी तब्येत चांगली लिहा." मी चांगलीच लिहिली आहे. त्याने काही सोडलं तसं काही नवं धरलंही होतं. मावशींनी फक्त सोडलं होतं. सोडणं आणि बदलणं यांतला हा फरक गुणांच्या पट्टीवर दिसत नाही. त्यासाठी समोर बसावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला या भेटींनी शिकवली. उत्तर विचारणाऱ्यावरही अवलंबून असतं. कंत्राटी कामगाराचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. सुपरवायझरने विचारलं तर तो ठणठणीत असतो. राज्य कामगार विमा लागू असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळू शकतं, हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याच्या हाती कार्ड आहे, तोच डॉक्टरपुढे खरं बोलायला धजतो. खरं सांगणं परवडावं लागतं. बायकोला तो तिसरंच सांगतो, आणि रात्री एकटा असताना स्वतःला काय सांगतो, ते कुठल्याच कागदावर येत नाही.

हे सगळं केवळ आपापसातल्या विचारपुशीपुरतं राहिलेलं नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाने 2017 साली औषधं आणि उपचार यांचं मूल्यमापन करणारी व्यवस्था उभी केली. कोणत्या उपचारावर सरकारी पैसा खर्चावा हे ठरवताना आयुष्य किती वाढलं याबरोबर ते कसं जगता आलं हेही धरलं जातं. त्यासाठी 2022 साली युरोकॉलच्या पाच प्रश्नांचा भारतीय मूल्यसंच प्रसिद्ध झाला. पाच राज्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास सामान्य माणसांना विचारलं गेलं: अशी दुखरी दहा वर्षं काढाल, की कमी पण धडधाकट? त्यांच्या उत्तरांतून प्रत्येक अवस्थेला किंमत मिळाली. पूर्ण धडधाकट म्हणजे 1, मृत्यू म्हणजे 0, आणि सर्वांत बिकट अवस्थेला शून्याच्याही खाली, उणे 0.923. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांनी कुणाच्या तरी दुखण्याला लावलेली किंमत आता सरकारी हिशेबात जाते. जो आपलं माप मुकाट्याने खाली आणत गेला, त्याचं दुखणं त्या हिशेबात स्वस्त पडतं. म्हणून नीट विचारणं ही माणुसकीची गोष्ट आहे तशी न्यायाचीही आहे.

या पुस्तकात मी कुणाचं नाव दिलेलं नाही आणि टक्केवारी काढलेली नाही. ज्या थोड्या लोकांशी बोलले, त्यांच्यावरून रबाळ्याचा निकाल सांगण्याचा मला अधिकार नाही. प्रत्येक प्रकरणात एक माणूस आहे, त्याने स्वतःला दिलेली किंमत आहे, आणि त्याने काय सोडलं, काय धरलं त्याची हकिकत आहे. वाचताना तुमच्या घरातलं कुणी आठवलं तर पुस्तक तिथेच मिटावं आणि त्यांच्यापाशी जाऊन बसावं.

माझ्याशी बोलायला ज्यांनी आपली दुपारची झोप मोडली, पाळीवरून आल्यावर चहा ठेवला, त्या सर्वांचं हे पुस्तक आहे. सासूबाईंच्या तीन उशा मी टाकल्या नाहीत. त्या कपाटावर आहेत. परवा नवरा झोपताना दुसरी उशी मागू लागला. म्हणाला, मान दुखते जरा, बाकी बरं आहे. मी उशी दिली, आणि दिवा न मालवता त्याच्याजवळ बसून विचारलं, "कधीपासून?"

रबाळे, नवी मुंबई